डाव्या पायाचा मोजा

शून्य आलं म्हणून मिठाई वाटणारी माणसं जगात फार नसतील. त्रिवेणी बिरादारच्या प्रयोगशाळेत ती वाटली गेली होती, आणि तीही चवीपुरती नाही, परात भरून डबल का मीठा. मवाळ केलेला डेंग्यूचा विषाणू मिसळलेलं रक्त पाजलेल्या डासांपैकी एकाच्याही अंगात तो विषाणू तग धरून राहिला नव्हता, हे ते शून्य. त्यासाठी त्रिवेणीनं पाच वर्षं जिवाचं रान केलं होतं, आणि आता ते हातात आल्यावर तिला चैन पडेना.

शनिवारची दुपार. सगळे घरी गेलेले. त्रिवेणी खुर्चीवर बसायची, उठायची, फ्रीज उघडून आत काहीच न शोधता बंद करायची, परत येऊन संगणकावरचे तेच फोटो बघायची. सोमवारी दिल्लीत समितीपुढे प्रकल्पाच्या प्रमुख अपर्णा मॅडम हे शून्य मांडणार होत्या. समितीनं मान डोलावली की माणसांवरच्या पहिल्या चाचणीची वाट मोकळी आणि प्रकल्पाला पुढची तीन वर्षं. नाही डोलावली तर मार्चमध्ये प्रकल्पाला टाळं, आणि त्रिवेणीच्या नोकरीलाही.

काम सांगायला सोपं होतं. डेंग्यूची लस जिवंत विषाणूची करायची, पण तो विषाणू मवाळ हवा. त्यात एक भीती कायमची: लस टोचलेल्या माणसाला डास चावला, डासानं तो विषाणू उचलला, तिसऱ्याच माणसाला दिला आणि या फिरतीत तो पुन्हा माजला, तर? त्रिवेणीचा उपाय या भीतीवरच होता. प्रत्येक पेशीत मायक्रोआरएनए नावाचे इवले तुकडे फिरत असतात. त्यांना ओळखीची अक्षरं दिसली की ती अक्षरं असलेला संदेश पेशी फाडून टाकते. काही मायक्रोआरएनए डासाच्या पेशींत भरपूर असतात आणि माणसाच्या पेशींत नसतात. त्रिवेणीनं विषाणूच्या अंगात नेमकी त्यांच्याच ओळखीची अक्षरं घुसवली होती. एका ठिकाणी नाही, अनेक ठिकाणी, कारण विषाणू बिलंदर असतो, एकाच ठिकाणची अक्षरं तो गाळून मोकळा होतो. म्हणजे माणसाच्या अंगात हा पाहुणा थोडा वाढणार, शरीराला आपली ओळख देणार. डासाच्या पोटात गेला की तिथंच संपणार.

त्रिवेणीचे वडील एकनाथराव हे सगळं एका वाक्यात सांगत. बरकतपुऱ्यातल्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना ते म्हणत, "आमच्या पोरीनं विषाणूच्या पाठीवर असा शिक्का मारलाय की माणसाच्या पोलिसाला दिसत नाही, डासाच्या पोलिसाला दिसतो." वर, "आणि त्यात माझे मोजे कामाला आले," हे जोडल्याशिवाय त्यांचा चहा गोड होत नसे.

मोज्यांची गोष्ट खरी होती. डासांच्या माद्या दिसेल त्या रक्तावर तुटून पडतात असं आपल्याला वाटतं. प्रयोगशाळेत त्यांचे नखरे बघावेत. वाटीत कोमट रक्त, वाटीच्या तोंडावर ताणलेला पातळ पापुद्रा, ती वाटी पिंजऱ्याच्या जाळीवर पालथी. इतका पाहुणचार करूनही बायका ढिम्म हलत नाहीत. त्यांना माणसाचा वास लागतो. मग कुणाचा तरी दिवसभर वापरलेला मोजा पिंजऱ्यावर टाकायचा, की त्या येतात. सगळ्यांचे मोजे लावून झाले. अपर्णा मॅडमच्या पुणेरी सुती मोज्यांकडे एकीनंही वळून बघितलं नाही, यावर प्रयोगशाळेत बरेच दिवस हसू चाललं होतं. शेवटी त्रिवेणीला आठवलं की लहानपणी गच्चीवर झोपल्यावर घरातले सगळे डास एकट्या आप्पांनाच चावायचे. तिनं आप्पांचे मोजे आणले, आणि पिंजऱ्यात गर्दी झाली.

एकनाथराव जन्मभर विजेच्या खात्यात मीटर तपासणारे. त्यांच्या घरात कात्रीची जागासुद्धा ठरलेली. डावा मोजा डाव्याच पायात गेला पाहिजे, टाच बसलेली असते म्हणून. ओळखू यावा म्हणून डाव्याला आतून लाल दोऱ्याचा टाका. लेकही त्याच साच्यातली. प्रयोगात दोन पिंजरे होते: उजवीकडे साध्या विषाणूचा, डावीकडे मवाळ विषाणूचा. तिनं उजव्या पिंजऱ्याला उजवा मोजा टाकला, डाव्याला डावा. दुसऱ्या कुणी एकच मोजा कापून निम्मा-निम्मा वाटला असता. बिरादारांच्या घरात मोजा कापत नाहीत आणि जोडी उलटसुलट करत नाहीत. इतकी व्यवस्थित माणसं कधी कधी व्यवस्थितपणानंच बुडतात.

आणि आता फोटो. रक्त पाजल्यावर तिनं प्रत्येक डासाचा फोटो काढला होता. दिल्लीसाठी त्यातले दोन सुंदरसे निवडायचे म्हणून ती बसली आणि डोक्यात किडा वळवळायला लागला. उजव्या पिंजऱ्यातल्या माद्यांची पोटं टच्च फुगलेली, लालभडक. डाव्यातल्यांची अर्धवट. एखादी सोडली तर सगळ्यांनी दोन घोट घेऊन तोंड फिरवलेलं. त्या दिवशी बोनालूच्या, आषाढातल्या देवीच्या जत्रेच्या, मिरवणुकीमुळे रस्ते बंद होते, उशीर झाला होता, डाव्या पिंजऱ्यात पिणाऱ्या माद्याच कमी निघाल्या, म्हणून पोटात लाल दिसलं की "प्यायली" असं धरून ती पुढे गेली होती. पोटात रक्त कमी म्हणजे विषाणूही कमी गेला. मग ते शून्य तिच्या अक्षरांमुळे आलं, की डासांनी नीट जेवणच केलं नाही म्हणून?

तिनं अपर्णा मॅडमना फोन लावला. अपर्णा मॅडम मूळच्या पुण्याच्या, हैदराबादला येऊन वीस वर्षं झाली तरी बोलणं तिथलंच, चिमट्यानं उचलून ठेवल्यासारखं.

"त्रिवेणी, तू फोटो बघतेयस की पत्रिका?" त्या म्हणाल्या. "अर्ध्या पोटी विषाणू कमी जाईल, मान्य. पण एकाही डासात नाही? इतका फरक पडेल?"

"नसेलही पडत मॅडम. पण पडत असेल तर?"

"मग कारण दे. रक्त तेच, ऊब तीच, डास एकाच दिवशी निघालेले. विषाणूला काही चव नसते."

"तेच तर मला समजत नाहीये. डाव्यातल्यांनी तोंड का फिरवलं?"

मॅडम म्हणाल्या, "मी उद्या संध्याकाळच्या विमानानं जातेय. तोपर्यंत कारण सापडलं तर मला सांग, तो भाग मी स्वतःच्या हातानं काढीन. नाही सापडलं तर तुझी रुखरुख घेऊन मी समितीपुढे बसणार नाही. जेव आणि झोप."

बोलणं रास्त होतं, म्हणून तर त्रिवेणीला जास्तच त्रास झाला. मॅडम वाईट असत्या तर निदान त्यांच्यावर चिडता आलं असतं. तिनं दोन्ही पिंजऱ्यांमधला एकेक फरक मनातल्या मनात पुसत नेला. रक्त, वाटी, पापुद्रा, ऊब, जागा, वेळ. सगळं पुसून झाल्यावर एकच गोष्ट उरली, आणि ती उरल्यावर तिला आधी हसू आलं, मग आलं नाही.

रात्र तिनं कशीतरी ढकलली. रविवारी सकाळी स्कूटी काढून ती बरकतपुऱ्याला निघाली. एरवी ती दुपारी जेवायला जायची. आई गेल्यापासून आप्पा एकटेच राहत होते, वरणभात स्वतः लावत, भाजी शेजारच्या कुसुमताईंकडून येई. रस्त्यावर गणपतीचे मांडव अजून उभे होते, विसर्जन तोंडावर आलेलं, आणि वाटेत दर चौकात कुणी ना कुणी प्रसादासाठी तिला थांबवत होतं. सिग्नलला उभी राहून ती हँडलवर बोटं वाजवत राहिली. मागच्या रिक्षावाल्यानं "चलो ना आपा, क्या सोचते बैठे?" म्हटलं तेव्हा तिला कळलं की दिवा हिरवा झालाय.

आप्पांनी दार उघडलं आणि लगबगीनं परत खुर्चीत जाऊन बसले.

"आज सकाळीच? जेवण नाही झालं अजून माझं."

"जेवायला नाही आले आप्पा. चहा करते." तिनं चहा टाकला, दोन कप आणले, पण बसली नाही. "एक विचारायचंय. खरं सांगायचं."

"मी कधी खोटं बोललो?"

हे वाक्य खरं बोलणारी माणसं सहसा म्हणत नाहीत, पण बापाच्या तोंडी ते ऐकायची तिला सवय होती.

"बोनालूच्या आठवड्यात तुम्ही मोजे दिले होते. तेव्हा पायाला काही लावलं होतं का? पावडर, बाम, तेल, काहीही?"

एकनाथरावांनी कप बशीत ठेवला. "कामून?"

"सांगा ना."

"आधी तू सांग, कामून विचारायलीस."

तिनं सांगितलं. फोटो, अर्धवट पोटं, उजवा आणि डावा मोजा. आप्पांना फार समजवावं लागलं नाही. बागेतल्या म्हाताऱ्यांना समजावून समजावून ते या विषयात बरेच मुरले होते.

"म्हणजे समज," ते म्हणाले, "मी डाव्या पायाला काही लावलं असलं, तर काय होतंय?"

"तर ते शून्य खरं की खोटं, कुणालाच सांगता येत नाही. दिल्लीला दाखवता येत नाही."

"परत करायचा मग प्रयोग."

"परत करायला चार-पाच महिने. तोवर मार्च येतोय, आप्पा. समितीची पुढची बैठक कधी, देव जाणे."

"म्हणजे तुझी नोकरी."

"हौ."

एकनाथराव चहातली साय बोटानं काढण्यात गुंतले. साय काढून झाल्यावर त्यांनी लेकीकडे सरळ बघितलं. "नाही लावलं. मला काय होतंय पायाला? उगं परेशान होऊ नको."

त्रिवेणीचे खांदे खाली आले. कालपासून पहिल्यांदाच ती खुर्चीत टेकली आणि चहा प्याली, गार झालेला असूनही. मोबाइल काढून तिनं अपर्णा मॅडमना लिहिलं: आप्पांना विचारलं, मोज्यांचं काही नाही, तुम्ही निर्धास्त जा. मॅडमचं उत्तर लगेच आलं, एकच शब्द, छान. आप्पांनी ते वाचून दाखवायला सांगितलं आणि समाधानानं मान हलवली.

पण चैन पडणं आणि चैन पडली असं ठरवणं यांत फरक असतो. पाचच मिनिटांत ती पुन्हा उभी. काही कारण नव्हतं, म्हणून सवयीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याकडे गेली. तिथं दर रविवारी तिच्यासाठी मोज्यांची पिशवी तयार असायची, तोंडाला गाठ मारलेली.

"ते राहू दे," आप्पा बाहेरून म्हणाले. आवाज जरा वरचा. "धुतलेले नाहीत."

त्रिवेणी पिशवी हातात धरून थांबली. "आप्पा, मला न धुतलेलेच लागतात."

तिनं गाठ सोडली. कडुलिंबाचं तेल आणि कापूर. हा वास एरवी कुणाच्याही घरात येतो, त्यात काही नाही. पण डासांना विचारा. उजवा मोजा कोरडा होता. लाल टाक्याचा अंगठ्याखाली पिवळट, ताठ झालेला.

ती बाहेर येऊन आप्पांच्या पायाशी बसली. "पाय द्या."

"काही नाही गं. कुसुमताईनं तेल दिलं, शेजाऱ्याचं मन मोडायचं नाही म्हणून लावायलो."

"पाय द्या आप्पा."

तिनंच मोजा ओढून काढला. अंगठ्याच्या खाली, तळव्याला, रुपयाएवढं भोक पडलं होतं. कडा जाड, पांढऱ्या, एका बाजूनं काळ्या. वर तेल चोपडलेलं. आप्पांची साखर बारा वर्षं जुनी, आणि साखरेच्या माणसाच्या पायाला असं काही झालं की घरातल्यांनी कसं उडी मारून उठायला हवं, हे त्रिवेणीला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"दुखतंय?"

"तेच तर सांगायलो. अजिबात दुखत नाही."

न दुखणं हेच वाईट. "कधीपासून आहे हे?"

"गणपती बसले ना, त्याच्या आठवडाभर आधी. नवी चप्पल चावली." एका दमात, कुठंही न अडखळता.

"बोनालूला नव्हतं?"

"छे. तेव्हा पाय कसा एकदम साफ."

तिनं सुटकेचा श्वास टाकला आणि पुढच्याच क्षणी तिला आपलीच किळस आली. बापाच्या पायाला भोक पडलंय आणि आपण त्याला बोनालूचं विचारतोय. तरी श्वास सुटायचा तो सुटलाच. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याला वकील लागत नाही.

नारायणगुड्यात रविवारीही उघडं असणारं एक छोटं इस्पितळ होतं. रिक्षात आप्पा मुकाट्यानं बसले, पायात चप्पल न घालता, पाय तिच्या पिशवीवर टेकवून. त्रिवेणी मनात जुळवत राहिली. तेल आत्ताचं. बोनालूला पाय साफ. मग डासांनी तोंड फिरवलं ते दुसऱ्याच कशानं, किंवा कशानंच नाही, डासांची लहर. शून्य जागेवर आहे. मॅडम संध्याकाळी जातील. ती हे पुनःपुन्हा जुळवत होती, आणि दर वेळी ते जुळतही होतं, आणि तरी तिचा गुडघा हलायचा थांबत नव्हता. खड्डा आला की आप्पांचा पाय पिशवीवरून घसरायचा आणि ती तो उचलून परत ठेवायची. पाय जड होता आणि गरम.

डॉक्टरीणबाई तेलुगू होत्या, वयानं त्रिवेणीएवढ्याच, हातमोजे घालून त्यांनी जखम नीट बघितली, टोकदार सळईनं कडेला टोचून बघितली. आप्पांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"कब से है ये, अंकल?"

"पंद्रा दिन," एकनाथराव म्हणाले.

"पंद्राईच दिन?"

"हौ, पंद्राईच."

बाई विचारात पडल्या. पंधरा दिवसांचं असेल तर, त्या म्हणाल्या, साफ करून पट्टी बांधू, गोळ्या देते, गुरुवारी दाखवा. फार जुनं असतं तर गोष्ट वेगळी होती, मग आजच दाखल करून हाडाचा एक्स-रे काढला असता, आत पोचलेलं असतं तर पाय वाचवायची घाई करावी लागली असती. कडा बघून जुनं वाटतं, पण अंकल पंधरा म्हणतायत. त्यांनी लिहायला पेन उचललं.

त्रिवेणी आप्पांकडे बघत होती. म्हातारा ताठ बसला होता, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर, चेहरा एखाद्या कज्ज्यात साक्ष द्यायला उभा राहिलेल्या माणसाचा. त्याला पंधरा दिवस कुणासाठी हवे होते, हे तिला तेव्हा लख्ख कळलं. डॉक्टरांपुढेसुद्धा तो बोनालूपर्यंत मागे जायला तयार नव्हता.

"आप्पा," ती मराठीत म्हणाली. डॉक्टरीणबाईंना मराठी येत नव्हतं. "कधीपासून?"

एकनाथरावांनी कॅलेंडरवरची नजर काढली नाही. "तुला कधीपासून पाहिजे, ते सांग."

ते रागानं म्हणाले नाहीत. लहानपणी जत्रेत "तुला कोणती पाहिजे, ते सांग" असं म्हणून ते तिच्यापुढे बाहुल्या धरत, त्याच आवाजात म्हणाले. त्रिवेणीला रडू फुटलं असतं तर बरं झालं असतं. फुटलं नाही. कालपासून अंगात जे धावत होतं, ते मात्र एकदम थांबलं.

"मॅडम, लिखो नक्को," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "पंद्रा दिन नहीं है. बोनालू के पहले से है. दो महीने हो गए."

"आप देखे थे?"

"नहीं. मेरे पास फोटो है."

"पाँव के?"

"मच्छरों के."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडे जरा काळजीनं बघितलं. या बापलेकींतलं नेमकं कोण रुग्ण आहे, असा प्रश्न त्यांना पडला असावा. मग त्या आप्पांकडे वळल्या. "अंकल, बच्ची सच बोल रही है क्या?"

खोटं बोलायला माणसाला कुणाची तरी साथ लागते, आणि एकनाथरावांची साथ आता सुटली होती. त्यांनी मान हलवली, होकाराची.

एक्स-रेत अंगठ्याचं हाड पोखरलेलं दिसलं. अंगठा बहुधा काढावा लागेल, बाई म्हणाल्या, उद्या शस्त्रक्रियेचे मोठे डॉक्टर बघतील. बाकीचा पाय वाचेल असं वाटतंय. गुरुवारपर्यंत थांबला असतात तर मी असं म्हणाले नसते.

त्रिवेणी बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिली आणि तिनं अपर्णा मॅडमना फोन केला. त्या टॅक्सीत होत्या. तिनं सगळं सांगितलं, तेलाचं, अंगठ्याचं, सकाळच्या मेसेजचं. हेही सांगितलं की तेलामुळेच शून्य आलं असं ती म्हणत नाही, अक्षरांमुळेही आलं असेल, कुणालाच माहीत नाही.

"कुणालाच माहीत नाही म्हणजे ते मांडता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "डासांचा भाग मी काढते. त्याशिवाय परवानगी मिळायची नाही, हे तुला कळतंय ना?"

"कळतंय."

"मार्चबद्दल मी तुला काही शब्द देऊ शकत नाही, त्रिवेणी."

"मी मागत नाहीये मॅडम."

"वडिलांकडे बघ आता." फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "आणि पुढच्या वेळी मोजा कापायचा. मलाही सुचायला हवं होतं ते."

ती वर आली तेव्हा आप्पांना खाटेवर घेतलं होतं, हाताला सलाइन लावलेली. त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवलेली नव्हती, पण बघतही नव्हते. ती स्टूल ओढून बसली.

"केलास फोन?"

"केला."

"काढून टाकलं त्यांनी?"

"हो."

एकनाथरावांचा जबडा हलला. "अंगठा माझा होता. द्यायचा का नाही, ते मी ठरवलं असतं. एकाहत्तर वर्षं झाली मला, कुठं पळायचंय आता? तुझी पाच वर्षं घालवलीस तू. एका अंगठ्यापायी."

ते खरोखर रागावले होते. आयुष्यात लेकीला देण्यासारखं त्यांच्याजवळ फार काही उरलं नव्हतं. जे होतं ते त्यांनी गुपचूप देऊ केलं होतं, आणि तिनं ते चारचौघांत परत केलं होतं.

"प्रयोग पुन्हा करता येतो, आप्पा," त्रिवेणी म्हणाली.

नर्स ट्रे घेऊन आली, दुसरा पायही तपासायचाय म्हणाली आणि त्यांच्या उजव्या मोज्याला हात घालू लागली. आप्पांनी पाय मागं घेतला. नर्सनं पुन्हा हात पुढे केला, त्यांनी पुन्हा मागं घेतला. मग एका बाजूला वळून त्यांनी तो पाय त्रिवेणीच्या मांडीवर आणून ठेवला.

तिनं मोजा हळूहळू गुंडाळत खाली आणला. पाय स्वच्छ होता. तरी तिनं चष्मा पुसला, दिव्याकडे वळवून तळवा बघितला, एकेक बोट वेगळं करून मध्ये बघितलं, टाचेखाली बघितलं, आणि मग नर्सला सांगितलं की इथं काही नाही.